कराराप्रमाणे कामगाराचं काम जोखताना या चुका टाळा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या पर्सोनेल (कर्मचारी) खात्यात रुजू झालो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात युनियनबरोबरचा चालू करार बघायला मागितला. तो निघाला शेठच्या तिजोरीत. चाळीस कारीगरांना वर्षाचे मार्क देणाऱ्या सुपरवायझरनं तो कधी पाहिलाच नव्हता. मी विचारलं, मग मार्क कशावरून देता? म्हणाला, "वीस वर्षं झाली भाऊ, चेहऱ्यावरून कळतं."

पुढं याच शहरात वेगवेगळ्या कारखान्यांत हेच काम केलं. मूल्यमापनावरून पेटलेली जी भांडणं माझ्या टेबलावर आली, त्यांत मार्क कमी पडल्याची तक्रार बहुतेक वेळा वरवरची असायची. करारात एक ठरलेलं असायचं, शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनपाशी, दुसरंच बघितलं जायचं आणि कागदावर तिसरंच उतरायचं. खालच्या चुका म्हणूनच सुपरवायझर, एचआरमधली नवी मुलं आणि युनियनचे कमिटी मेंबर, या तिघांसाठीही आहेत.

करार तिजोरीत ठेवणं

मार्क देणाऱ्याला करारातून एवढं तरी ठाऊक हवं: उत्पादन बघायचं की रिजेक्शन (नापास झालेला माल) की हजेरी, किती दिवसांनी बघायचं, कोणी बघायचं, आणि त्यावर कामगाराचं काय अवलंबून आहे. इन्सेंटिव्ह (जादा कामाचे जादा पैसे) असेल तर एक गोष्ट, ग्रेड असेल तर दुसरी, नुसतं ट्रेनिंगला पाठवायचं असेल तर तिसरी. करार बहुधा इंग्रजीत असतो, शॉपवर गुजराती आणि हिंदी चालते, आणि दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची आपली मंडळी आपसात मराठीत कुजबुजतात. एका ठिकाणी 'इफिशियन्सी' या शब्दासाठी नोटीस बोर्डावर गुजरातीत 'होशियारी' असं लागलं होतं. कारीगरांचा समज झाला की साहेब आता अकलेचे मार्क देणार! पंधरा दिवस त्यावरच गेले. तेव्हा मूल्यमापनाचं कलम तरी शॉपच्या भाषेत, उदाहरणासकट लिहून सुपरवायझरच्या टेबलावर असू द्या.

करार कोणाला लागू आहे, हेही तेव्हाच बघून घ्या. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या कलम १८ मध्ये मोठा भेद आहे. मालक आणि कामगारांनी समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, न जाता आपसात केलेला करार फक्त करार करणाऱ्या पक्षांना बांधतो. समेटाच्या कारवाईत झालेला करार मात्र त्या आस्थापनेतल्या सगळ्या कामगारांना बांधतो, उद्या भरती होणाऱ्यालाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता २०२० आली, पण हा भेद तिनंही ठेवला आहे. आपसातल्या कराराचा नॉर्म (पाळीत किती नग काढायचे तो ठरलेला आकडा) लावून युनियनबाहेरच्या माणसाचा इन्सेंटिव्ह कापलात, तर त्याचा वकील पहिल्यांदा हाच प्रश्न विचारील.

मुदत संपली म्हणून सगळं मोकळं समजणं

ही चूक दोन्हीकडून होते. मार्चअखेर कराराची मुदत संपली की मालकाला वाटतं नॉर्म वाढवायला हरकत नाही, आणि कामगारांना वाटतं आता कोण मोजतंय. मुदत संपली तरी करार चालूच राहतो. एका पक्षानं तो संपवत असल्याची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटिशीनंतरही साठ दिवस तो बांधतोच.

सगळ्यात चपळ माणसाशेजारी घड्याळ घेऊन उभं राहणं

इथं जरा थांबतो, कारण अर्धीअधिक भांडणं या घड्याळातून निघतात.

समजा, एका लेथवर (धातू कातायच्या मशीनवर) एक नग करायला कारीगराला ४ मिनिटं लागताना तुम्ही पाहिलीत. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं, भागिले ४, म्हणजे १२० नग. झाला नॉर्म! हा हिशेब मी मोठमोठ्या पदव्या असलेल्या लोकांना करताना पाहिला आहे.

कामाच्या अभ्यासात एक पायरी असते रेटिंगची. बघितलेला माणूस साधारण गतीचा होता, की त्याहून चपळ? १०० ही साधारण गती धरली आणि हा गडी ११० चा असला, तर मूळ वेळ ४.४ मिनिटं होते. मग सवलतीचा वेळ येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या कोष्टकात पुरुष कामगाराला वैयक्तिक गरजांसाठी ५ टक्के, मूळ थकव्यासाठी ४ टक्के आणि उभं राहून काम असेल तर आणखी २ टक्के दिलेले आहेत. म्हणजे ११ टक्के. ४.४ वर ते चढवले की ४.८८ मिनिटं होतात. जेवणाचा अर्धा तास वजा करून पाळीत ४५० मिनिटं उरली, तर नग निघतात ९२. त्याच लेथवर, त्याच माणसाकडून. १२० आणि ९२ यांतल्या २८ नगांसाठी मी गेटवर घोषणा ऐकल्या आहेत.

त्या कोष्टकात बायकांसाठी वैयक्तिक गरजांची सवलत ७ टक्के आहे आणि उभं राहण्याची ४. पॅकिंग आणि असेंब्लीत बायका काम करतात तिथं पुरुषांच्या मशीन शॉपचा नॉर्म उचलून लावणाऱ्यांना हे सहसा माहीत नसतं.

आणि बघणारा उभा राहिला की कामाची गती बदलतेच. कोणी हात जोरात चालवतो, कोणी मुद्दाम आखडतो. १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात मोल्डिंग करणाऱ्यांनी स्टॉपवॉच बघून काम टाकलं होतं, आणि पुढं तिथल्या काँग्रेसनं अशा कारखान्यांत स्टॉपवॉचवर बंदीच घातली. आपल्याकडे कोणी बंदी घालत नाही, फक्त त्या दिवशी टूल नेमकं तुटतं. म्हणून आधी सांगून बघा, वेगवेगळ्या पाळ्यांत बघा, एकाच माणसाला न बघता तीन-चार जणांना बघा, आणि त्या वेळी मशीनची काय अवस्था होती ते तिथल्या तिथं टिपून ठेवा.

मालाचा दोष माणसाच्या खात्यावर टाकणं

एका कारीगराचं रिजेक्शन सलग तीन महिने वाढत गेलं. फॉर्मवर शेरा पडला, 'बेदरकारी'. तो रात्रपाळीचा माणूस, बोलणं कमी. त्याच्याबरोबर एक रात्र शॉपवर काढली तेव्हा कळलं की दिवसपाळीवाले बऱ्या कास्टिंग (ओतीव भाग) निवडून घेतात आणि छिद्रं असलेला माल रात्रीसाठी उरतो. स्टोअरच्या चलनावर लॉट नंबर होता, पण रिजेक्शनच्या रजिस्टरवर तो लिहायची पद्धतच नव्हती. एक रकाना वाढवला. पुढच्या महिन्यात बेदरकार माणूस निघाला कास्टिंग पुरवणारा ठेकेदार.

हा शेरा लिहिणारा सुपरवायझर दुष्ट नव्हता. त्यानं वर्षाचं मूल्यमापन मार्चच्या एका दुपारी, डबा खाता खाता केलं होतं. डोक्यात ताजं असेल तेच अशा वेळी कागदावर येतं. खिशात मावणारी वही ठेवा. तारीख, मशीन, काय पाहिलं, माणसाला काय सांगितलं, एवढंच लिहा. 'आळशी' लिहू नका. 'दहा वाजता मशीन बंद, विचारल्यावर इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) नसल्याचं सांगितलं' असं लिहा. जे वाक्य त्या कारीगरासमोर मोठ्यानं वाचायला तुम्हाला लाज वाटेल, ते वहीत नकोच.

'चांगला' लिहून सुटका करून घेणं

कोणाला दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांना 'चांगला' देणारे खूप. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या २००८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका हाच शब्द होता. सीमा रस्ते विभागातल्या या इंजिनियरच्या एका वर्षाच्या गोपनीय अहवालात 'चांगला' असा शेरा होता आणि बढतीसाठी 'फार चांगला' लागत होता. म्हणजे तो चांगला शब्दच त्याला आडवा आला, आणि तो त्याला कळवलाही नव्हता. न्यायालयानं सांगितलं की शेरा कसाही असो, सरकारी नोकराला तो कळवलाच पाहिजे. २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठानंही तेच मान्य केलं. हे निकाल सरकारी नोकरीचे आहेत, खासगी कारखान्याला जसेच्या तसे लागत नाहीत. तरी माझं मत विचाराल तर गोपनीय अहवाल हा प्रकार मकरपुऱ्यातही बंद व्हायला हवा. फॉर्मवर कामगाराची सही घ्या आणि 'मला मान्य नाही' लिहायला जागा ठेवा. ती जागा दिली म्हणून कोणी आकाश डोक्यावर घेतल्याचं मी तरी पाहिलं नाही.

कमी काम आणि गैरवर्तन एकाच पाकिटात घालणं

कमी मार्क पडले म्हणून चार्जशीट (गैरवर्तनाचं आरोपपत्र) देता येत नाही. आदर्श स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या सरकारी नमुन्यात, गैरवर्तनाच्या यादीत कामातली हयगय आहे, पण ती 'सवयीची' असली पाहिजे. एका महिन्याच्या आकड्यांतून सवय सिद्ध होत नाही. आधी सांगणं, मग शिकवणं, मग लेखी मेमो, आणि या सगळ्याच्या तारखा असल्या तरच पुढच्या चौकशीला काही अर्थ.

स्थायी आदेशांचा कायदा १९४६ मध्ये झाला, नोकरीच्या अटी मालकानं स्पष्ट लिहून कामगाराला कळवाव्यात यासाठी. त्या सुमाराला व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. तेच आंबेडकर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत आले होते. शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत, आणि शहरात राहायला खोली मिळेना. त्या कचेरीत कोणी त्यांच्या कामाचा फॉर्म भरला असता तर शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं असतं, हा विचार कमाठी बागेवरून जाताना मला हमखास येतो.

नव्या संहितेप्रमाणे स्थायी आदेश ३०० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच सक्तीचे आहेत. मकरपुऱ्यातल्या पुष्कळ शेड त्याखाली बसत नाहीत. तिथं सगळा भार नेमणूकपत्र आणि करार यांच्यावरच येतो.

मध्येच मोजपट्टी बदलणं

पगाराची पद्धत, कामाचे तास किंवा शिस्तीचे नियम बदलायचे तर २१ दिवसांची नोटीस लागते. बदल करारानुसारच होत असेल तर नोटीस लागत नाही. म्हणून 'नॉर्म दर वर्षी संयुक्त अभ्यासानं तपासला जाईल' असं एक वाक्य करार करतानाच घालून घ्या.

गाडी रुळावरून घसरलीच असेल तर

जुना फॉर्म फाडू नका आणि व्हाइटनर लावू नका. खोडलेलं वाचता येईल अशी एकच रेघ मारा, बाजूला तारीख आणि सही. मग कामगाराला विचारा की त्याला कोणता आकडा मान्य नाही. "सगळंच चुकीचं" असं म्हणाला तर एकेक रकाना पुढ्यात ठेवा. वाद बहुतेक वेळा एका रकान्यावर येऊन थांबतो. त्या रकान्यापुरती पुन्हा पाहणी करा, कंपनीचा एक माणूस आणि युनियनचा एक, किमान तीन पाळ्या. सुरू करण्यापूर्वी मशीन, टूल आणि मालाचा लॉट यांची अवस्था लिहून दोघांच्या सह्या घ्या. निकाल लागेपर्यंत इन्सेंटिव्ह जुन्या आकड्यानंच द्या, आणि फरक निघाला तर कोणत्या महिन्याच्या पगारात चुकता होईल तेही त्याच कागदावर लिहा. कागदाची एक प्रत कारीगराला त्याच दिवशी द्या, पाळी सुटायच्या आत.