स्कीवर उजवीकडे वळताच येत नव्हतं : माझा अनुभव

गुलमर्गच्या नवशिक्यांच्या उतारावर तीन दिवस हेच चाललं होतं. डावीकडे छान वळायचो. उजवीकडे वळायला गेलो की स्की सुसाट सरळ खाली आणि मी बर्फात बसलेला.

खांदे फिरवून पाहिले, उजवीकडे झुकून पाहिलं, स्कीही बदलून घेतल्या. झुकणं तर उलटच पडत होतं: उजवीकडे वळवते ती डावी स्की, आणि वजन जात होतं उजवीवर. परतीचं तिकीट अलीकडचं करायच्या बेतात होतो.

चौथ्या दिवशी आधी डावा बूट उघडला. आत दोन मोजे, शिवाय थर्मलची चुणी. टाच चक्क उचलली जात होती. एकच पातळ मोजा ठेवला, थर्मल बुटाबाहेर काढलं, टाच दोनदा मागे आपटून बसवली. घोट्यावरचं बकल आधी आवळलं, बोटांवरचं शेवटी, सैलसर.

मग उतारावर स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली. नडगी बुटाच्या जिभेला टेकवली. वळण सुरू होताना डावा तळहात डाव्या गुडघ्याला बाहेरून लावला आणि वळण पुरं होईपर्यंत काढला नाही. (मी अर्ध्यातच ताठ उभा राहायचो, तिथेच स्की सुटायची.) दहा-बारा वळणांनंतर हाताची गरज उरली नाही.