परराज्यातलं तान्हं बाळ दत्तक घेताना: कागद, मुदती आणि ते 48 तास

यादीतलं पहिलं काम म्हणजे एक बालरोगतज्ज्ञ ठरवून ठेवा. त्यांचं नाव, मोबाइल, व्हॉट्सॲपवर रिपोर्ट चालतील का, रविवारी फोन उचलतील का, हे सगळं आजच विचारून घ्या. कारण पुढे येईलच. मागच्या खेपेस आमच्या हातून नेमकं हेच राहिलं होतं, त्यामुळे ते दोन-चारदा येईल.

कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, त्यांच्या पोर्टलवर नोंदणी, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पत्ता, उत्पन्न, लग्नाचा दाखला, फिटनेस सर्टिफिकेट, ओळखीच्या दोघांची पत्रं: हे सगळे करतातच. कागद नोंदणीपासून 30 दिवसांत अपलोड करायचे असतात. फक्त नावं जुळवून बघा. आधारवर एक, पॅनवर दुसरं, लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं, असं असेल तर आधी ते निस्तरा. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 85 पर्यंत हवी, एकट्याने दत्तक घ्यायचं तर वय 40 पर्यंत. लग्नाला दोन वर्षं झालेली हवीत. एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. नोंदणी करतानाच कुठली राज्यं चालतील ते विचारतात. तिथे भावनेने नको, नकाशा समोर ठेवून ठरवा, कारण त्या गावाला तुम्हाला थोड्या सूचनेवर पोचायचंय.

‘अमक्या नर्सिंग होममध्ये एक बाळ आहे, आई द्यायला तयार आहे, बाकीचं आम्ही बघतो’ असा फोन आला तर ठेवून द्या. बाल न्याय कायद्याची रीत डावलून बाळ दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. पैसे देऊन घेतलं तर तो बाळाच्या विक्रीचा गुन्हा, त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. परराज्यातून तसं बाळ घेऊन निघालेलं जोडपं स्टेशनवर काय कागद दाखवणार आहे?

आता मुदती. जन्मल्या जन्मल्या बाळ हातात, असं इथे होत नाही. आईने बालकल्याण समितीपुढे बाळ सोपवलं की तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्या काळात ती बाळ परत नेऊ शकते. तो तिचा हक्क आहे, त्यावर चरफडू नका. बाळ कुठे सापडलेलं असेल तर समिती पालकांचा शोध घेते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला दत्तकासाठी मोकळं ठरवायला कायद्याने दोन महिन्यांची मुदत आहे. म्हणजे ‘तान्हं’ म्हणजे किमान दोन महिन्यांचं, बहुतेकदा त्याहून मोठं. कपडे त्या मापाचे घ्या.

गृहभेटीचा अहवाल, म्हणजे होम स्टडी, तुमच्या राहत्या जागेजवळची दत्तक संस्था करते. कागद पूर्ण झाल्यापासून 60 दिवसांत, फी 6,000. हा अहवाल तीन वर्षं चालतो आणि लहान निरोगी बाळाची रांग आजकाल तीन वर्षांच्याही पुढे जाते, म्हणजे आपला नंबर जवळ आला की नेमका अहवाल शिळा होतो. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधीच संस्थेला फोन करून नूतनीकरण मागा. मधल्या काळात घर, नोकरी किंवा मोबाइल नंबर बदलला तर पोर्टलवर लगेच बदला. मोबाइल नंबर तर बदलूच नका. रेफरलचा, म्हणजे तुम्हाला बाळ सुचवल्याचा, मेसेज त्यावरच येतो.

तर रेफरल. पोर्टलवर बाळाचा फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल दिसतो, आणि बाळ रिझर्व्ह करायला 48 तास मिळतात. दिवस नव्हे, तास. रात्री साडेअकराला मेसेज आला तर घड्याळ रात्री साडेअकरालाच सुरू. दिवाळी, रविवार, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध, काही थांबत नाही. एकूण तीनच रेफरल मिळतात. डॉक्टर आता शोधायला निघालात तर पहिला दिवस अपॉइंटमेंटमध्ये जातो, दुसरा त्यांना दत्तक-प्रक्रिया समजावण्यात. म्हणून म्हणतो, डॉक्टर आधी ठरवा. आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडून अहवाल तपासून घ्यायची मुभा नियमांतच आहे, पण 48 तास त्याने लांबत नाहीत.

फॅमिली डॉक्टर चालणार नाही, नवजात बाळं रोज बघणारा हवा. आपण फोटोच बघत बसतो, डॉक्टर आकड्यांची चाल बघतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन दिवसाला साधारण 25 ते 30 ग्रॅम वाढतं. जन्मतः 1.9 किलो आणि तीन महिन्यांना 4.2 असेल तर गाडी रुळावर आहे. तेच 3 किलोवर अडकलं असेल तर बाळ ज्या संस्थेत आहे तिला प्रश्न विचारायला हवेत. डोक्याचा घेर एकदाच मोजलाय की तारखांनिशी, हेही बघायचं. एचआयव्हीचं तर खास सांगतो: 18 महिन्यांखालच्या बाळाची अँटिबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी त्या अँटिबॉडी आईकडून आलेल्या असू शकतात, खात्रीसाठी पीसीआर, म्हणजे थेट विषाणू शोधणारी चाचणी, लागते. हे ठाऊक नसलेलं जोडपं घाबरून ‘नको’ म्हणतं. जाणकार डॉक्टर दोन मिनिटांत सांगतो. पण तो डॉक्टर फोनवर हवा ना!

पोर्टलचा पासवर्ड नवरा-बायको दोघांच्या मोबाइलमध्ये हवा. एकजण विमानात असला म्हणून बाळ हातचं जायला नको.

रिझर्व्ह केल्यापासून 30 दिवसांत मॅचिंग. दोघांनी प्रत्यक्ष जायचं, बाळाला भेटायचं, तिथल्या संस्थेच्या दत्तक समितीपुढे बसायचं. सगळे मूळ कागद आणि छायाप्रतींचे दोन संच न्या. जादा तपासणी हवी असेल तर ती तिथेच, आपल्या खर्चाने करता येते. आणि हो, त्या दिवशीही डॉक्टरांना फोनवर हजर राहायला सांगून ठेवा. परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका, चार-पाच दिवस हातात ठेवा. संमतीची सही झाल्यावर दत्तकपूर्व संगोपनाचं, म्हणजे दत्तक आदेश येईपर्यंत बाळ सांभाळण्याचं, हमीपत्र होतं आणि दहा दिवसांच्या आत बाळ तुमच्याकडे येतं. हमीपत्राला कसला कागद, कसला नोटरी लागतो ते निघण्याआधी संस्थेला विचारा, दर ठिकाणची तऱ्हा वेगळी. बालसंगोपन निधीचे 50,000 संस्थेच्या खात्यातच भरायचे, रोख नाही, आणि पावती घ्यायची.

परतीच्या प्रवासात जन्मदाखला हातात नसतो, आणि विमानात बाळाच्या वयाचा पुरावा मागतात. म्हणून संस्थेचं पत्र, हमीपत्राची प्रत आणि लसीकरणाचं मूळ कार्ड हाताच्या पिशवीत. 6, 10 आणि 14 आठवड्यांच्या लसींपैकी कुठल्या झाल्या ते कार्डावर शिक्क्यानिशी बघा. संस्थेत जी दूध पावडर चालू आहे तिचेच दोन डबे घ्या, दूध बदलायचं ते घरी आल्यावर, डॉक्टरांना विचारून. दर किती तासांनी किती मिली, हे तिथल्या मावशींकडून लिहून घ्या. अधीक्षकांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

दत्तक आदेश बाळाच्या जिल्ह्यातून येतो. 1 सप्टेंबर 2022 पासून कायद्याने हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे, निकालाची मुदत अर्जापासून दोन महिने. महाराष्ट्रात मात्र मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये अंतरिम आदेश देऊन प्रकरणं न्यायालयातच ठेवली होती, त्यामुळे इथल्या ओळखीच्यांनी सांगितलेली वाट तुम्हाला लागू होईलच असं नाही. आदेश येईपर्यंत बाळाचे फोटो ग्रुपवर टाकू नका.

आदेशाच्या पाच-सहा प्रमाणित प्रती घ्या. जन्मदाखला तिकडच्याच निबंधकाकडून येतो, जन्मस्थळ तिकडचंच राहतं, पालक म्हणून नावं तुमची. मसुदा छापण्याआधी वाचा. हिंदी पट्ट्यात ‘काळे’चं सर्रास ‘काले’ होतं, ‘बाळकृष्ण’चं ‘बालकृष्ण’. घरी आल्यावर लक्षात आलं तर पुन्हा हजार किलोमीटर.

बाकी थोडक्यात. आधार, पासपोर्ट, विमा आदेश आल्यावरच. दत्तक रजेला बाळाच्या वयाची अट आहे का, ते एचआरकडून आधीच लेखी मागवा. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा भेट, एकूण चार, प्रत्येकी 2,000, होम स्टडी केलेल्या संस्थेकडूनच. मध्येच घर बदललंत तर त्यांना नवा पत्ता कळवा.