अपघाताचा दावा करताना केसपेपरवरची पहिली ओळ सांभाळा

छत्रपती संभाजीनगरच्या बीड बायपासवर अवजड ट्रक आणि वसाहतींतून निघणाऱ्या दुचाकी एकाच रस्त्यावर येतात; तिथल्या जखमींच्या दाव्यांचे कागद मी अनेक वर्षे जुळवत आलो आहे. जखमीला रुग्णालयात न्यावे, पोलिसांना कळवावे, धडक देणाऱ्या वाहनाचा क्रमांक टिपावा, हे सर्वांना ठाऊक असते.

खरी गफलत रुग्णालयात होते. अपघात कसा झाला, असे डॉक्टर विचारतात आणि सोबत आलेला माणूस घाबरून काहीतरी उत्तर देतो. माझ्या थोरल्या भावाला टेम्पोने मागून उडवले होते. त्याला उचलून आणणाऱ्या शेजाऱ्यांनी ‘गाडीवरून पडले’ एवढेच सांगितले आणि केसपेपरवर ‘दुचाकी घसरून पडल्याने’ अशी ओळ उमटली. पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत तीच ओळ भावासमोर धरली आणि टेम्पोचा संबंधच नाकारला. पाय मोडलेला माणूस खोटारडा ठरू लागतो, तेव्हा घरच्यांच्या जिवाला काय वाटते, ते मी पाहिले आहे.

म्हणून कोणत्या वाहनाने, कुठे, किती वाजता आणि कोणत्या बाजूने धडक दिली, हे स्पष्ट सांगावे आणि लिहिलेले स्वतः वाचावे. वाहनाचा क्रमांक पाहिला नसेल, तर अंदाजाने मुळीच सांगू नये. चूक आढळल्यास त्याच दिवशी दुरुस्तीचा लेखी अर्ज देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. पोलिसांकडे जाणारी एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद झाली का, हेही विचारावे. ‘पुढे वकील बघून घेतील’ हा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण तोवर कागद लिहून झालेला असतो.

फिर्याद, पंचनामा, विमा आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती पोलीस ठाण्यातून मिळवाव्यात.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खालील भरपाईच्या दाव्यासाठी अपघातापासून ६ महिन्यांची मुदत आहे; ही तरतूद १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. दावा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही करता येतो. त्यामुळे लातूरच्या जखमीने संभाजीनगरला हेलपाटे घालण्याची गरज नाही.

कायमचे अपंगत्व आले असल्यास नुसते प्रमाणपत्र जोडून थांबू नये, तर ते देणाऱ्या डॉक्टरांची साक्ष नोंदवून घ्यावी. वाळूजच्या वेल्डरचा उजवा हात अधू झाला, तर त्याची कमाई किती घटली, हे हाताच्या टक्केवारीवरून कळत नाही.

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर कलम १६१ खाली गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये आणि मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात. त्यासाठीचा अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात द्यावा.