आधी विंगेत उभ्या राहा : नाटकात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी या पट्ट्यातल्या मुली भेटल्या की हमखास विचारतात, ‘ताई, नाटकात काम करायचंय, सुरुवात कुठून करू?’ काम म्हणजे अभिनय, हे गृहीत. लिहिण्याचा विषय काढला की ‘ते मला नाही जमणार’, आणि दिग्दर्शनाचा काढला की नुसत्या हसतात. मी अभिनयातूनच आले, मग लिहायला लागले, मग नाटक बसवायला. म्हणून हा सगळा खटाटोप.

लिहायला लागले त्यामागे काही उदात्त कारण नव्हतं. कॉलेजच्या एकांकिकांमध्ये मुलींच्या वाट्याला आई, बायको, प्रेयसी, नाहीतर समूहातला एक चेहरा. चहाचा ट्रे घेऊन आत यायचं, दोन वाक्यं बोलायची, की पुन्हा विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड. पुढची एंट्री येईपर्यंत करायचं काय? मी प्रॉम्प्टिंग करायला घेतलं, म्हणजे संहितेची वही हातात धरून अडलेल्या नटाला आडून वाक्य पुरवायचं. त्या वहीवर बोट ठेवून उभं राहण्यात जे शिकले ते कुठल्या शिबिरात शिकले नाही. प्रेक्षागृहात खोकल्याची साथ कुठे सुरू होते, हे विंगेतून फार स्पष्ट ऐकू येतं. गंमत म्हणजे प्रयोग बदलला, गाव बदललं, तरी खोकला त्याच पानावर येतो. आम्ही नटांना दोष द्यायचो; दोष त्या पानाचा असायचा. तेव्हा नव्या मुलींना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की भूमिका मिळो न मिळो, एका संपूर्ण नाटकाचं बॅकस्टेज करा. प्रॉपर्टी, म्हणजे प्रसंगात लागणाऱ्या वस्तू, मांडा, संगीत ऑपरेट करा, कपड्यांना इस्त्री करा, पण प्रयोग आतून बघा.

अभिनेत्रीला लिहिताना एक फायदा असतो : वाक्य तोंडात कुठे अडकतं हे तिला कळतं. माझ्या एका एकांकिकेत मुलगी घर सोडून निघते. आईला मी वाक्य दिलं होतं, ‘तुझ्या या निर्णयाचा मला खूप त्रास होतोय.’ तालमीत आईचं काम करणारी मैत्रीण दोरीवरची साडी काढून घडी घालत होती. ते वाक्य आलं की तिचे हात थांबायचे आणि ती भाषण दिल्यासारखी समोर बघायची. मी तिला बरंच काही समजावलं, उपयोग शून्य. शेवटी वाक्यच काढलं. आई घडी घालता घालता विचारते, ‘भात लावू का तुझ्यापुरता, की निघतेयस?’ हात थांबले नाहीत आणि प्रसंग उभा राहिला. तेव्हापासून संहिता तालमीच्या खोलीत नेल्याशिवाय मी तिला पूर्ण झाली म्हणत नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचा. शक्यतो हाताने काहीतरी काम करत वाचा. आणि जुनी नाटकं वाचा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे, तिथलं सभासदत्व कुठल्याही ऑनलाइन कोर्सपेक्षा स्वस्त पडेल. 1912 सालीच हिराबाई पेडणेकरांचं ‘संगीत दामिनी’ रंगमंचावर आलं होतं हे बऱ्याच मुलींना ठाऊक नसतं, आणि ‘बायका नाटकं लिहीत नाहीत’ हे मात्र ऐकून पाठ असतं.

दिग्दर्शनाकडे वळलात की एक प्रश्न कायम कानावर येईल, ‘सर कुठेयत?’ लाइटवाले दादा, सेटवाले, दारावरचा माणूस, सगळे विचारतात. चिडू नका, त्यात तालमीची संध्याकाळ वाया जाते. त्यापेक्षा क्यू शीट, म्हणजे कोणता प्रकाश कधी येणार-जाणार याची यादी, स्वतः लिहा, कोणता स्पॉट (दिवा) कोणत्या बारवर, म्हणजे दिवे टांगायच्या दांडीवर, आहे आणि कोणत्या डिमरवर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायच्या बटणावर, आहे ते तोंडपाठ ठेवा. ‘ताई, तीन नंबर देऊ का?’ असं एकदा ते विचारायला लागले की सरांची चौकशी बंद होते. (पुढच्या नाट्यगृहात पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तो भाग वेगळा.)

पहिल्याच नाटकात लेखन, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका तिन्ही घेऊ नका, या मतावर मी ठाम आहे. लगेच उदाहरण दिलं जातं ते विजया मेहतांचं, की ‘बॅरिस्टर’ हे नाटक त्यांनीच बसवलं आणि त्यातली मावशीची भूमिकाही त्यांनीच केली. खरंय. पण त्यांची ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था 1960 मधली. तिथपासूनची सगळी मेहनत त्या मावशीच्या पाठीशी होती. तुम्हाला दोन्ही करायचंच असेल तर तालमीत स्वतःच्या जागी दुसऱ्या मुलीला उभं करा आणि समोर बसून बघा. शेवटच्या टप्प्यात आत जा. आणि असा एक सहायक ठेवा की तो ‘तुझं काम आज पडलं’ म्हणाला तर तुम्ही वाद घालणार नाही.

शिक्षणाबद्दल थोडक्यात. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, पुण्यात ललित कला केंद्र, दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय. घरची परिस्थिती परवानगी देत असेल तर जरूर जा. नसेल तर आंतरमहाविद्यालयीन एकांकिका आणि हौशी राज्य नाट्य स्पर्धा ही शाळाच आहे. बक्षिसापेक्षा इतर संघांची नाटकं बघायला तिथे थांबा; आपली एकांकिका झाली की टेम्पोत बसून निघून जाणाऱ्यांची मला कीव येते.

आता पैसे. नाटकात नाईट मिळते, म्हणजे प्रयोगामागे ठरलेली रक्कम. प्रयोग लागला नाही तर नाईट नाही, आणि तालमीचे पैसे प्रायोगिकवाल्यांकडे मागायची सोय नाही. घोडबंदर रोडवर मालिकांचे सेट आहेत, तिथे काम मिळालं तर घर चालतं. फक्त करार करतानाच शनिवार-रविवारच्या प्रयोगांचं बोलून ठेवा, नंतर कोणी ऐकत नाही. डबिंग, शाळांची स्नेहसंमेलनं, मे महिन्यातली बालनाट्य शिबिरं, यात कमीपणा मानू नका. लेखनाचं मानधनही प्रयोगामागे आणि लेखी ठरवा. माझी एक एकांकिका एका संघाने नाव बदलून भलत्याच स्पर्धेत केली. मला कळलं ते फेसबुकवरच्या फोटोतल्या दोरीवरच्या साडीवरून. आता संहिता ईमेलनेच पाठवते आणि परवानगीही ईमेलनेच देते.

तालीम रात्री उशिरा संपते. नवी मुंबईच्या मुलींनी ट्रान्स हार्बरच्या शेवटच्या गाडीची वेळ दिग्दर्शकाला पहिल्याच दिवशी सांगून टाकावी. जो त्यावर तोंड वाकडं करतो, त्याच्या नाटकाची फार हळहळ करू नये.

स्वतःचं पहिलं नाटक लावताना गडकरी रंगायतनचं स्वप्न जरा बाजूला ठेवा. 1978 पासून ठाणेकरांनी तिथे मातब्बरांचे प्रयोग पाहिलेत, आणि एवढं सभागृह भरणं नवख्या संघाला झेपत नाही. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात लघु नाट्यगृह आहे, तिथे थोडे प्रेक्षकही भरल्यासारखे वाटतात. मधल्या वाराची तारीख मागा. पण त्याआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवा. त्यांच्या प्रमाणपत्राशिवाय जाहीर प्रयोग करता येत नाही, आणि ते कधी हातात येईल याचा अंदाज तारीख घेताना कोणी धरत नाही. तेव्हा संहिता आधी, तारीख त्यानंतर, आणि पोस्टर सगळ्यात शेवटी.