एक्सआरएन१ आणि स्की२: यीस्टचा डबल म्यूटंट खरंच मरतो का, ते कसं तपासायचं

यीस्टमध्ये एक्सआरएन१ नावाचं जनुक आहे, त्याचं एन्झाइम आरएनएला पाच प्राइम टोकाकडून खात खात तीन प्राइमकडे जातं. हे जनुक आख्खं उडवलं तरी यीस्ट जगतं, फक्त हळू वाढतं. स्की२ हे दुसरं जनुक उडवलं तर साध्या प्लेटवर फरक कळतच नाही म्हटलं तरी चालेल. पण दोन्ही एकदम उडवलेत (म्हणजे डबल म्यूटंट केलात) तर पेशी मरते, यालाच सिंथेटिक लिथॅलिटी म्हणतात. कारण बघितलं तर सरळ आहे: एमआरएनए मोडायच्या दोन वाटा आहेत, एकीत डीसीपी२ हे एन्झाइम एमआरएनएच्या पाच प्राइम टोकावरची टोपी काढतं आणि मग एक्सआरएन१ खातं, दुसरीत स्की२-स्की३-स्की८ ची टीम एक्सोसोमला (आरएनए मोडणाऱ्या प्रोटीनच्या गटाला) मदत करते आणि तो उलट्या टोकाकडून खातो, आता दोन्ही बंद झाल्या तर जायचं कुठे.

हे स्वतः करून बघायचं असेल तर पहिलं काम मार्करचं, म्हणजे उडवलेल्या जनुकाच्या जागी बसवलेल्या, औषध सहन करू देणाऱ्या खुणेचं. डिलीशन कलेक्शनमधले (एकेक जनुक उडवलेल्या यीस्टच्या संग्रहातले) सगळे स्ट्रेन कॅनएमएक्सचेच असतात, म्हणजे जी४१८ या औषधाला न मरणारे, दोन्ही तसेच घेतले तर कोणत्या स्पोरमध्ये काय गेलं ते ओळखताना डोकं फिरतं. म्हणून एकाचा मार्कर नॅटएमएक्स (नॅट हे औषध सहन करू देणारा) करून घ्या, दोन्ही कॅसेटचा प्रमोटर आणि टर्मिनेटर सारखाच असतो त्यामुळे नॅटएमएक्सचा पीसीआर तुकडा ट्रान्सफॉर्म केला की अदलाबदल होते. मग एक ए आणि दुसरा अल्फा मेटिंग टाइपचा घेऊन क्रॉस करा, आणि जी४१८ (२०० मायक्रोग्रॅम प्रति मिली) व नॅट (१०० मायक्रोग्रॅम) दोन्ही असलेल्या प्लेटवर डिप्लॉइड (दोघांच्या क्रॉसमधून झालेली, जनुकांचे दोन संच असलेली पेशी) उचला. डिप्लॉइडमध्ये दोन्ही जनुकांची एकेक चांगली कॉपी असते, त्यामुळे तो मस्त वाढतो. एक्सआरएन१ च्या दोन्ही कॉप्या उडवलेल्या डिप्लॉइडच्या मात्र नादी लागू नका, तो मायोसिसमध्ये अडकतो आणि स्पोर देत नाही.

स्पोरुलेशन १ टक्का पोटॅशियम ॲसिटेटमध्ये, स्ट्रेनला लागणारी अमिनो ॲसिड घालून. बीवाय४७४१ आणि ४७४२ च्या घराण्यातले (डिलीशन कलेक्शन त्यातलंच) स्ट्रेन याबाबतीत आळशी आहेत, चार-पाच दिवस लागतात आणि तरी टेट्रॅड (एका पेशीच्या चार स्पोरची पिशवी) कमीच दिसतात, त्याला इलाज नाही. झायमोलायेज एन्झाइमने पिशवी सैल करून चार-चार स्पोर मायक्रोमॅनिप्युलेटरने वायपीडीवर (साध्या पोषक प्लेटवर) वेगळे ठेवा. औषधाच्या प्लेटवर अजिबात नाही, कारण मग कोण औषधाने मेलं आणि कोण म्यूटेशनने ते कळणारच नाही. दुसऱ्या दिवशी मोजायला बसू नका, एक्सआरएन१ नसलेले स्पोर उशिरा दिसतात, पाच दिवस तरी थांबा आणि मगच औषधांच्या प्लेटवर रेप्लिका (कॉलनींचा ठसा) मारा.

आता वाचायचं कसं. जनुकं लांब-लांब असतील तर तीन प्रकारचे टेट्रॅड साधारण १:१:४ प्रमाणात येतात. एकात चारही स्पोर जगतात, दोन जी४१८ वाले, दोन नॅटवाले. दुसऱ्यात दोनच जगतात आणि ते दोन्ही औषधांना मरणारे, म्हणजे वाइल्ड टाइप (दोन्ही जनुकं शाबूत असलेले). तिसरा, सगळ्यात जास्त येणारा, त्यात तीन जगतात, एक जी४१८ वाला, एक नॅटवाला, एक वाइल्ड टाइप, आणि चौथी जागा रिकामी. रिकामी जागा दरवेळी हिशोबाने डबल म्यूटंटचीच निघाली तर केस पक्की होत जाते. त्या रिकाम्या जागेवर मायक्रोस्कोपखाली नक्की बघा, स्पोर उगवलाच नाही की थोड्या पेशी होऊन थांबला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वहीत वेगळ्या लिहाव्यात.

बरेच जण फसतात ते स्की८ शी. स्की२ बाराव्या क्रोमोसोमवर, स्की३ सोळाव्यावर, पण स्की८ म्हणजे वायजीएल२१३सी आणि एक्सआरएन१ म्हणजे वायजीएल१७३सी. वाय म्हणजे यीस्ट, जी म्हणजे सातवा क्रोमोसोम, एल म्हणजे डावी भुजा, आणि आकडा सेंट्रोमिअरपासून मोजलेला. म्हणजे दोघं एकाच भुजेवर, मध्ये फक्त ४० च्या आसपास जनुकं. इथे लिंकेजमुळेच (जवळची जनुकं बहुतेक एकत्रच पुढे जातात) डबल म्यूटंट कमी येणार, मरोत किंवा न मरोत, आणि चारही जगणाऱ्या टेट्रॅडचा ढीग लागला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. अशा वेळी फक्त ते टेट्रॅड उचला ज्यात वाइल्ड टाइप स्पोर आलाय, कारण तो आला म्हणजे त्याच टेट्रॅडमध्ये डबल म्यूटंटही असायलाच हवा होता. तो तिथेही दरवेळी गायब असेल तरच बोला. कुठल्याही नव्या जोडीसाठी आधी ही नावं वाचायची सवय लावा.

डबल म्यूटंट मरत नाही, नुसता कमजोर होतो, असंही होतं. तेव्हा गुणाकार करा. समजा एक म्यूटंट वाइल्ड टाइपच्या ०.६ वेगाने वाढतो, दुसरा ०.९ ने, तर डबलकडून ०.५४ अपेक्षित. ०.२ आलं तर निगेटिव्ह इंटरॅक्शन, ०.६ च राहिलं तर बहुतेक दोघं एकाच वाटेवर आहेत. दहापट डायल्युशनचे ठिपके डोळ्यांना छान दिसतात पण आकडा हवा असेल तर लिक्विडमधला ग्रोथ कर्व्हच.

टेट्रॅडवर थांबू नका, प्लास्मिडची टेस्ट करा. डिप्लॉइडमध्ये यूआरए३ मार्करच्या प्लास्मिडवर चांगलं एक्सआरएन१ घाला, मग स्पोर काढा, आता डबल म्यूटंट प्लास्मिडच्या आधारावर जगतील. त्यांना ५-एफओए (१ मिलिग्रॅम प्रति मिली) प्लेटवर टाका. यूआरए३ असलेली पेशी तिथे मरते, म्हणजे जगायचं तर प्लास्मिड फेकावं लागतं, आणि फेकलं की एक्सआरएन१ गेलं. सिंगल म्यूटंट आरामात वाढतो, डबल वाढत नाही. याच्याच जोडीला एलईयू२ मार्करच्या दुसऱ्या प्लास्मिडवर एक्सआरएन१ चा डी२०८ए म्यूटंट द्या, ज्याची कापायची ताकदच गेलेली असते. त्याने डबल वाचला नाही आणि चांगल्या कॉपीने वाचला, तर खरी गरज एन्झाइमच्या कामाची आहे असं म्हणता येतं, पण डी२०८ए प्रोटीन पेशीत पुरेसं बनतंय हे वेस्टर्नवर (प्रोटीन ओळखायच्या चाचणीवर) दाखवल्याशिवाय नाही.

जुने पेपर शोधताना केईएम१, एसईपी१, डीएसटी२, आरएआर५ आणि स्की१ हे सगळे शब्द टाकून बघा, सगळं हेच जनुक आहे, नाहीतर अर्धे पेपर हाताला लागायचे नाहीत.

आणि ५-एफओए प्लेटवर डबल म्यूटंटच्या जागी तुरळक कॉलनी दिसल्या तर लगेच सप्रेसर (डबलला वाचवणारं दुसरं म्यूटेशन) सापडला म्हणून उड्या मारू नका. बहुतेक वेळा प्लास्मिड तसंच असतं, फक्त त्यावरचं यूआरए३ बिघडलेलं असतं. आधी एक्सआरएन१ चा पीसीआर लावा, प्लास्मिड खरंच गेलेलं असेल तरच त्या कॉलनीवर पुढचा वेळ घाला.