वारली चित्रात कांडण काढताना
गेरूने सारवलेली भिंत आधी खडखडीत वाळू द्या. ओल राहिली तर पांढरी रेघ फुटते. तांदूळ चार तास भिजवून गंधासारखे बारीक वाटा, थोडं डिंकाचं पाणी घाला. डिंक कमी पडला की रंग पिठासारखा हाताला लागतो. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करा.

बाईचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. डोक्यामागे अंबाड्याचा ठिपका. उखळापाशी दोघी समोरासमोर. एकीचं मुसळ वर, दुसरीचं उखळात. दोन्ही वर काढलीत तर कांडण थांबलेलं दिसतं. खरी मेख वरच्या त्रिकोणात आहे, तो उखळाकडे कलता हवा. ताठ ठेवला की बाई नुसती काठी धरून उभी वाटते! ओली रेघ फिकी दिसते, लगेच दुसरा हात देऊ नका.