मोडेम बोर्डावर चढवण्याआधी

मोबाइल नेटवर्कचा नवा मोडेम हातात आला की तो चाचणीच्या बोर्डावर बसवून लगेच ‘एटी’ (मोडेम उत्तर देतो का हे बघायची कमांड) टाइप करायची हुक्की येते. मी ती आवरते आणि आधी बोर्ड एकटा तपासते. नाहीतर उत्तर आलं नाही की दोष मोडेमचा, केबलचा की सेटिंगचा, हे शोधण्यात अख्खी दुपार जाते.

मोडेम न बसवता यूएसबी केबल लावा, सिरीयल टर्मिनल (पोर्टवर मजकूर पाठवणारा आणि आलेला दाखवणारा प्रोग्राम) उघडा आणि बोर्डावरच्या टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (ऐकणारी) पिना छोट्या वायरने जोडा. टाइप केलेलं अक्षर परत यायला हवं. इथे एक चकवा आहे. टर्मिनलचा ‘लोकल एको’ (टाइप केलेलं स्वतःच दाखवणं) चालू असेल तर वायर नसतानाही अक्षरं दिसतात. म्हणून वायर काढूनही बघा. अक्षरं थांबली तरच ती खरोखर वायरमधून येत होती. बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बरोबर आहे का, हे मात्र यातून कळत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकच.

मग बोर्डाच्या सिरीयल पिनांचं व्होल्टेज निवडणारा जंपर. क्वेक्टेलच्या ईसी२५चा सिरीयल पोर्ट १.८ व्होल्टवर चालतो, सिमकॉमच्या सिम८००एलचा २.८च्या आसपास. ३.३ किंवा ५ व्होल्टवर राहिलेला जंपर पिन जाळू शकतो. डेटाशीट उघडी ठेवूनच जंपर हलवा, आठवणीवर नको.

आता सप्लाय. माझी सगळ्यात जास्त फजिती इथेच झाली आहे. एक सिम८००एल एटीला ‘ओके’ द्यायचा, सिम वाचायचा आणि नेटवर्क शोधायला लागला की रीस्टार्ट व्हायचा. दोन दिवस मी कोड बदलत बसले. मल्टिमीटर तर शांतपणे ४.० व्होल्ट दाखवत होता! शेवटी ऑसिलोस्कोपचा प्रोब थेट मोडेमच्या पिनवर टेकवला, व्होल्टेज ३.६च्या खाली गेलं की टिपणारा ट्रिगर लावला आणि खड्डे दिसले. दर ४.६ मिलिसेकंदांनी व्होल्टेज ३.२पर्यंत बुडत होतं. या मोडेमला किमान ३.४ लागतात.

जीएसएममध्ये (टूजी नेटवर्कमध्ये) मोडेम सलग बोलत नाही. ५७७ मायक्रोसेकंदांच्या झटक्यात बोलतो आणि तेवढ्यात २ अँपिअरपर्यंत ओढतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, म्हणून त्याला काहीच दिसत नाही. मी सप्लाय ब्रेडबोर्डच्या दोन बारीक वायरींतून दिला होता. वायरी आणि ढिले सांधे मिळून ०.४ ओहम धरा, २ अँपिअरला तिथेच ०.८ व्होल्ट गेले. जाड, आखूड वायर सोल्डर केली आणि पिनांजवळ कमी ईएसआरचा (अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावला. नुसत्या कपॅसिटरवर विसंबू नका. १००० मायक्रोफॅरडवर सगळा झटका टाकला तरी एका व्होल्टपेक्षा जास्त घसरण होते. आधी वायर सुधारा.

अँटेना लावा, मोडेम बसवा, पॉवर-की दाबून धरा (किती वेळ ते डेटाशीटमध्ये असतं). टर्मिनलचा बॉड रेट ११५२००, ८-एन-१ (आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट), आणि आरटीएस-सीटीएस (‘थांब-पाठव’ सांगणाऱ्या) वायरी जोडल्या नसतील तर हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद. एंटरबरोबर कॅरेज रिटर्न जायला हवा. नुसता लाइनफीड गेला तर मोडेम गप्प बसतो. लिनक्सवर मोडेममॅनेजर (मोडेम सांभाळणारी सेवा) आधी थांबवा, नाहीतर तो त्याच पोर्टवर स्वतःचे प्रश्न विचारत राहतो आणि तुम्हाला अर्धवट उत्तरं मिळतात.

‘एटी’ला ‘ओके’ आलं की पुढची कमांड ‘एटी+सीएमईई=२’. म्हणजे कोरडा ‘एरर’ न येता कारण शब्दांत येतं. ‘एटी+सीपीआयएन?’ (सिम तयार आहे का) याला ‘रेडी’ यावं. सिमचा पिन-कोड मागितला तर अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की पीयूके (सिम उघडायचा कोड) लागतो. सिग्नलची ताकद सांगणाऱ्या ‘एटी+सीएसक्यू’चा पहिला आकडा ० ते ३१. दुप्पट करून त्यातून ११३ वजा केले की डीबीएम मिळतात, म्हणजे १५ला उणे ८३. ९९ म्हणजे माहीत नाही. ते उत्तम सिग्नल समजून खूश झालेले लोक मी पाहिलेत.

नेटवर्कवरची नोंदणी विचारणाऱ्या ‘एटी+सीआरईजी?’ला ‘०,२’ असं उत्तर येतं. पहिला आकडा सूचनांच्या सेटिंगचा असतो, स्थिती दुसऱ्यात. १ म्हणजे आपलं नेटवर्क, ५ रोमिंग, २ शोध चालू, ३ नकार. २ असेल तर थांबा, ३ असेल तर सिमकडे बघा. एलटीई मोडेमवर ‘सीईआरईजी’ विचारा.

सगळं जमलं की ‘एटी&डब्ल्यू’ने सेटिंग साठवा आणि वीज खरोखर तोडा; नुसता रीसेट नको. परत चालू झाल्यावर ‘एटी+सीएमईई?’ विचारा. काही सेटिंग टिकतात, काही नाहीत, आणि हे मोडेमगणिक बदलतं. जी टिकली नाहीत ती मी स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाकते. मग रिलेने वीस वेळा वीज तोडून-जोडून दर वेळी नेटवर्क मिळायला किती सेकंद लागले ते लॉगमध्ये लिहून घेते.